साथ, सरकार आणि चार कलमे



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची सारी हयात नगरपालिकेच्या दवाखान्यात गेली. तेव्हा विषाणूंच्या महासाथी आणि राजकारण या विषयावर बोलायचे तर ते मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावरून न बोलता दवाखान्याच्या पायरीवरून बोलावे, असे मी ठरवले आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शेवटची गाडी गाठायची आहे त्यांना निर्धास्तपणे मध्येच उठता येईल. साथीच्या काळात सरकारला काय काय करता येईल हे आपण सव्वाशे वर्षांपूर्वी कायद्यात लिहून ठेवले. सरकारने काय केलेच पाहिजे, हे त्या कायद्यात आजही लिहिलेले नाही. बाकीचे सगळे व्याख्यान याचाच विस्तार आहे.

हा कायदा म्हणजे ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा. आदल्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्यात जन्मलेल्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला होता. लोक मुंबई सोडून पळत होते, परदेशी बंदरे इथला माल आणि प्रवासी घ्यायला कुरकुरत होती आणि सरकारला घाई झाली होती. घाईत केलेला कायदा आटोपशीर असतो. याची कलमे चारच. सरकारला योग्य वाटतील ते उपाय योजण्याची मुभा, आदेश मोडणाऱ्याला शिक्षा आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही अशी हमी. आजारी माणसाला काय मिळेल, याबद्दल चकार शब्द नाही.

पुण्यात त्याची अंमलबजावणी कशी झाली ते शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. प्लेग अधिकारी रँड, गोरे शिपाई, घरझडत्या आणि २२ जूनची गणेशखिंडीतली रँडवरच्या हल्ल्याची रात्र. पण त्याच वर्षी, त्याच पुण्याजवळ हडपसरच्या बाजूला, यशवंतराव फुले यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना काढला होता आणि तिथे रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाईंना प्लेग झाला. १० मार्चला त्या गेल्या. प्लेग हा जीवाणूचा रोग, विषाणूचा नव्हे. माझ्या आजच्या विषयात तो काटेकोरपणे बसत नाही. तरीही तो सांगावाच लागतो, कारण साथीशी वागण्याच्या दोन्ही रीती तिथे शेजारी शेजारी दिसतात. रँडच्या रीतीच्या पाठीशी कायदा होता. सावित्रीबाईंची रीत ज्याच्या त्याच्या चांगुलपणावर सोडलेली होती.

आता १९१८ कडे येऊ.

१० जून १९१८ रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई ताप घेऊन रुग्णालयात दाखल झाले. ताप हिवतापाचा नव्हता. त्यांतल्या एकाची नेमणूक गोदीवर होती. पाठोपाठ सरकारी गोदीतले कामगार, जहाज कंपन्यांची माणसे, पोर्ट ट्रस्ट, तारऑफिस, टांकसाळ आणि गिरण्या अशी ती साथ पसरत गेली. मे महिन्याच्या अखेरीस सैनिकांना घेऊन एक जहाज बंदराला लागले होते. महापालिकेचे आरोग्य अधिकारी डॉ. जे. ए. टर्नर यांचे म्हणणे होते की दुखणे खलाशांनी आणले. सरकारची बाजू अशी की खलाशांना ते मुंबईतच जडले. रोग कुणी आणला हा वाद दरवेळी रोग्याच्या खाटेआधी येऊन पोचतो, आणि त्यात सरकारचा कागद व शाई याशिवाय काही खर्च होत नाही.

पहिली लाट सौम्य होती. पावसाळा सरता सरता दुसरी आली. मराठी मुलखात तिला मानमोडी म्हणत. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबई शहरात ७६८ माणसे मेली. तेव्हाची मुंबई आजच्या मुंबईच्या दहाव्या हिश्शाएवढी असेल-नसेल. कोविडच्या सगळ्यात वाईट आठवड्यांतही शहरातला रोजचा नोंदलेला आकडा याच्या जवळपास गेला नाही.

त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. धान्य महाग, चारा नाही, आणि महायुद्ध चालू असल्याने सरकारी सेवेतले बरेचसे डॉक्टर आघाडीवर गेलेले. रोगाचे कारण कुणालाच कळलेले नव्हते. माणसाला होणाऱ्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू वेगळा काढता आला तो १९३३ मध्ये, लंडनला. तोवर भलत्याच एका जीवाणूवर संशय होता. म्हणजे औषध नव्हते, उपयोगी पडेल अशी लस नव्हती, आणि साथ इतक्या झपाट्याने पसरत होती की रुग्ण वेगळे काढण्यालाही अर्थ उरला नव्हता. टर्नर यांना हे दिसत होते. प्लेगच्या वेळचे उपाय इथे चालणार नाहीत हे त्यांचे मत मला बरोबरच वाटते.

सरकार हात आखडून बसले ते एवढ्यामुळेच नव्हे. रँडचा खून आणि मार्च १८९८ मध्ये प्लेगच्या तपासणीवरून मुंबईत उसळलेली दंगल यांनी एक धडा दिला होता: नेटिवांच्या घरात शिरू नये. धडा निम्माच शिकला गेला. घरात शिपाई घेऊन शिरू नये हे कळले, दूध आणि घोंगडी घेऊन जावे हे कळले नाही. आणि मानमोडीत जीव वाचत होता तो नेमका तेवढ्यानेच. आडवे पडायला जागा, उकळलेले पाणी, दूध, पांघरूण आणि उशाशी बसलेले कुणीतरी. हे काम केले ते स्वयंसेवकांनी. ना. म. जोशी यांची सोशल सर्व्हिस लीग आणि तिच्यासारख्या निरनिराळ्या जातीधर्मांच्या मंडळांनी चाळीचाळींतून औषध-दूध पोचवले. महापालिकेने तात्पुरती रुग्णालये उघडली, आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयात जागा पुरेना. देशी वर्तमानपत्रांतून मात्र साहेबलोक थंड हवेच्या डोंगरावरून खाली उतरायला तयार नाहीत, अशी टीका होत राहिली.

त्या साथीचा एक तक्ता आहे. मुंबई शहरात दर हजारी किती माणसे मेली, याचा. युरोपियन ८.३. पारशी ९. इतर जातींचे हिंदू १८.९. मुसलमान १९.२. आणि तक्त्यात ज्यांना ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले आहे, ते ६१.६. विषाणू जात विचारत नाही, असे आपण व्यासपीठावरून नेहमी म्हणतो. मीही पूर्वी म्हटले असेल. तो खरोखरच विचारत नाही, कारण त्याच्या आधी ते घरमालकाने विचारून ठेवलेले असते. एका खोलीत किती माणसे झोपतात, खोलीला खिडकी आहे का, पुरुष पडला तर दुसऱ्या दिवशीची मजुरी कुठून येते, या प्रश्नांची उत्तरे जातीने आधीच दिलेली होती. शिवाय देशभर पुरुषांपेक्षा बायका जास्त मेल्या. जगात बहुतेक ठिकाणी असे झाले नव्हते. अर्धपोटी राहून घरातल्या सगळ्या आजाऱ्यांचे करायचे आणि स्वतः पडल्यावर करणारे कुणी नाही, हे त्याचे एक कारण अभ्यासक देतात. ते न पटण्याजोगे नाही.

भारतात एकूण किती मेले? पहिला सरकारी अंदाज साठ लाखांचा होता. पुढच्या संशोधकांनी तो एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींच्या घरापर्यंत नेला. एवढा फरक पडला, कारण गावोगावचे मृत्यू नोंदणारा माणूस पाटील-कोतवाल दर्जाचा होता आणि त्याच्या वहीत ‘ताप’ हा एकच रकाना होता. हिवताप, विषमज्वर, मानमोडी, सगळे त्यातच. खरा हिशेब लागला तो १९२१ च्या जनगणनेत. आजच्या भारताच्या हद्दीत धरली तर १९११ ते १९२१ या दशकात लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. असे दशक त्यानंतर पुन्हा आले नाही. म्हणून लोकसंख्येचे अभ्यासक १९२१ ला दुभाजक वर्ष म्हणतात.

९ मार्च २०२० ला पुण्यात महाराष्ट्रातले पहिले कोविड रुग्ण सापडले. १३ मार्चला राज्य सरकारने कोणता कायदा लागू केला? तोच, १८९७ चा. राज्यघटना आली, देवीचा रोग गेला, पोलिओ गेला. हा कायदा जागच्या जागी होता. देशव्यापी टाळेबंदी झाली ती २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली. २४ मार्चला रात्री आठ वाजता घोषणा आणि बारा वाजता अंमल. एवढ्या अवधीत महिन्याचा किराणा भरायला धावले ते आपल्यासारखे. ज्यांचा किराणा रोजच्या रोज येतो त्यांचा विचार त्या चार तासांत बसत नव्हता. मध्य प्रदेशातून जालन्याच्या पोलाद कारखान्यात आलेले मजूर ७ मेच्या रात्री रुळांच्या कडेने घराकडे निघाले. गाड्या बंद आहेत अशा समजुतीने करमाडजवळ रुळांवरच झोपले. पहाटे मालगाडी आली. सोळा मेले. त्यांनी टाळेबंदी मोडली होती, असे कायद्याच्या भाषेत म्हणता येईल. राज्यात पहिल्या काही महिन्यांतच आदेश मोडल्याचे लाखावर गुन्हे नोंदवले गेले होते.

एप्रिल २०२० मध्ये केंद्राने १८९७ च्या कायद्यात वटहुकमाने दुरुस्ती केली. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्याला पाच, सात वर्षांपर्यंत शिक्षा. दुरुस्ती आवश्यक होती, हल्ले खरोखर होत होते. पण एवढ्या वर्षांनी कायदा उघडला गेला तेव्हाही त्यात एक शिक्षाच भरली गेली. त्याच कर्मचाऱ्याला हातमोजे, मास्क आणि विमा देण्याची जबाबदारी कुणाची, हे लिहायला जागा झाली नाही.

आणि तरीही याच काळात, याच राज्यात, काही चांगले घडले. त्याच्याकडे मला जरा थांबून पाहायचे आहे, कारण आपण ते ‘धारावी पॅटर्न’ या दोन शब्दांत गुंडाळून टाकले.

धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० ला सापडला. अडीच चौरस किलोमीटरच्या आतबाहेर जागा, वस्ती सहा ते दहा लाखांच्या दरम्यान कुठेतरी. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे असताना ‘घरीच थांबा’ म्हणजे एकमेकांच्या श्वासात थांबा. बहुतेकांचे संडास सार्वजनिक, म्हणजे ‘घरीच थांबा’ हा आदेश सकाळी सहालाच मोडला जाणार. महापालिकेच्या जी-उत्तर विभागात धारावी येते; तिथल्या अधिकाऱ्यांना हे समजले. त्यांनी आधी दारोदारी तपासणी करून पाहिली. त्या उन्हात, पत्र्याच्या गल्ल्यांमधून, पीपीई चढवून डॉक्टरांना फार काळ टिकता येईना. मग वस्तीतल्याच खासगी डॉक्टरांना हाताशी धरले आणि नाक्यानाक्यावर ताप तपासणीची शिबिरे भरवली. धारावीतला माणूस महापालिकेच्या गाडीला भितो, पण ज्याच्याकडे तो वर्षानुवर्षे पन्नास रुपयांत औषध घेतो त्याच्यापुढे हात पुढे करतो. संडास दिवसातून अनेक वेळा धुऊन जंतुनाशक फवारले जाऊ लागले. शाळा, क्रीडा संकुल, मंगल कार्यालये ताब्यात घेऊन तिथे संशयितांना ठेवले. तिथे जेवण मिळे. रमझान आला तेव्हा रोजे धरणाऱ्यांना त्यांच्या वेळी खाणे मिळेल, हेही पाहिले गेले. विलगीकरणाच्या जागी जावे लागू नये म्हणून लोक आधी लपत होते. तिथे पंखा, गादी आणि दोन वेळचे जेवण आहे हे कळल्यावर लपणे कमी झाले. सावित्रीबाईंची रीत एकदाची सरकारी खर्चाने सुरू झाली, ती ही.

जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे नाव घेतले आणि मग श्रेय घ्यायला रांग लागली. त्याच महिन्यात मुंबईतल्या तीन विभागांत रक्ततपासणीचे सर्वेक्षण झाले. झोपडपट्टीतल्या ५७ टक्के आणि इमारतींतल्या १६ टक्के लोकांच्या रक्तात विषाणूशी गाठ पडल्याची खूण सापडली. धारावीचा विभाग त्या तिन्हींत नव्हता. पण मुंबईतल्या झोपडपट्ट्या एकमेकींहून इतक्या वेगळ्या नसतात. म्हणजे साथ धारावीत रोखली गेली, या वाक्यात थोडा विजय आणि थोडा पराभव आहे. बरीच माणसे वाचली ती वेळेवर प्राणवायू आणि खाट मिळाल्याने. बऱ्याचजणांना संसर्ग व्हायचा तो होऊनच गेला. १९१८ चा तक्ता आणि हे सर्वेक्षण शेजारी ठेवले तर शंभर वर्षांत मुंबईने घरांच्या बाबतीत काय केले ते निराळे सांगायला नको.

शहराची दुसरी चांगली गोष्ट म्हणजे वॉर रूम. नाव मला अजिबात आवडत नाही. रुग्णाशी युद्ध करायचे नसते. पण काम उत्तम होते. सुरुवातीला खाटेसाठी १९१६ हा एक नंबर होता आणि तो लागला तर नशीब. मग खाटांचे वाटप चोवीस विभागांतल्या वॉर रूमकडे सोपवले गेले. प्रयोगशाळांचे अहवाल आधी महापालिकेकडे यायचे, ते विभागवार वेगळे व्हायचे, आणि विभागातला डॉक्टर स्वतः रुग्णाला फोन करून विचारायचा: दम लागतो का, घरात निराळी खोली आहे का, वय काय. त्यावरून खाट ठरायची. ओळखीच्या आमदाराचा फोन बिनकामाचा ठरला. निदान कमी कामाचा ठरला, असे म्हणू. २१ मे २०२० ला राज्याने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा आपल्या दराखाली आणल्या: साधी खाट दिवसाला ४,०००, अतिदक्षता ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. बिले तपासायला लेखापरीक्षक बसवले. दर पाळले गेले नाहीत अशा तक्रारी ढिगाने आल्या. खिचडीच्या कंत्राटापासून मृतदेहांच्या पिशव्यांपर्यंतची खरेदी चौकशीत सापडली. हे सगळे मान्य करून मी म्हणेन की कायद्याने दिलेला अधिकार नागरिकाच्या बाजूने वापरता येतो, हे त्या हुकमाने दाखवले. पण तो वापरणे सरकारच्या मर्जीवर होते, हेही तितकेच खरे.

मर्जी फिरली की काय होते, ते पुढच्या वर्षी दिसले. २०२० च्या आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. ज्या लाखोंनी चालायचे त्यांनी घरी बसून एकादशी केली, विनातक्रार. एप्रिल २०२१ मध्ये त्याच पंढरपुरात विधानसभेची पोटनिवडणूक झाली. सभा झाल्या, गर्दी झाली, सगळ्या पक्षांचे नेते आले. तिकडे बंगालात प्रचारसभा चालू होत्या, हरिद्वारला कुंभमेळा. पंढरपूरचे मतदान १७ एप्रिलला झाले. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीतून प्राणवायू गळाला आणि २४ रुग्ण गेले. दोन घटनांचा थेट संबंध नाही, मी तो लावतही नाही. फक्त तारखा सांगतो. वारकऱ्याला जे समजले ते पुढाऱ्यांना समजत नव्हते असे नाही. त्यांना समजून घेणे भाग नव्हते.

या सगळ्यात घरोघर जाऊन तापमान आणि प्राणवायू मोजत होत्या त्या आशा सेविका. राज्यात सत्तर हजारांच्या आसपास. त्यांना पगार नसतो, मानधन असते. कागदोपत्री त्या स्वयंसेविका आहेत. म्हणजे १९१८ ची स्वयंसेवकांची परंपरा आपण पुढे चालवली, फक्त आता तिला हजेरीपट आणि वरिष्ठांची दमदाटी आहे. जून २०२१ मध्ये त्यांना संप करावा लागला, तेव्हा कुठे महिन्याला दीड हजार रुपये वाढले. पुढच्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांना पुरस्कार दिला आणि दिल्ली-मुंबईहून अभिनंदनाचे संदेश आले.

आता पुन्हा मोजणीकडे येतो. २०२० मध्ये देशात ८१ लाखांच्या वर मृत्यू नोंदले गेले, २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. वाढ वीस लाखांहून अधिक. कोविडचे म्हणून त्या वर्षी जे मृत्यू जाहीर झाले ते साडेतीन लाखांच्या आत होते. नोंदणी सुधारली म्हणूनही आकडा काही प्रमाणात वाढला, हे मान्य. पण सगळा फरक तेवढ्याने मिटत नाही. हे आकडे प्रसिद्ध झाले मे २०२५ मध्ये, चार वर्षांनी. १९२१ ला गुलाम देशाने साथीनंतर जनगणना करून किती माणसे गेली ते शोधले. २०२१ ची जनगणना साथीमुळे पुढे ढकलली गेली ती साथ संपल्यावरही कित्येक वर्षे ढकललेलीच राहिली. कोतवालाच्या वहीत निदान ‘ताप’ हा रकाना तरी होता.

आता मूळ मुद्दा. कर्तव्य कायद्यात लिहून काय होणार, अंमलबजावणी महत्त्वाची, असा आक्षेप माझ्यावर येईल. त्याला उत्तर म्हणून एक उदाहरण देतो. आपत्ती व्यवस्थापन कायद्यात बारावे कलम आहे. आपत्तीग्रस्तांना किमान मदत काय द्यायची याचे निकष ठरवावेत, मृतांच्या वारसांना सानुग्रह मदत द्यावी, असे ते म्हणते. टाळेबंदी लावताना केंद्राला हा कायदा आठवला होता, पैसे देण्याची वेळ आली तेव्हा हे कलम बंधनकारक नाही असे सांगून पाहिले गेले. सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ ला ते मानले नाही. कोविडने गेलेल्या प्रत्येकामागे ५०,००० रुपये द्यावे लागले. आणि अर्ज आले तेव्हा महाराष्ट्रात नोंदलेल्या कोविड मृत्यूंपेक्षा अर्जच अधिक निघाले. एका कलमाने वारसांना पैसे मिळाले आणि सरकारी आकड्याची तपासणीही झाली. असे कलम साथरोग कायद्यात एकही नाही. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ च्या २८६व्या अहवालात या कायद्याच्या फेरविचाराची शिफारस केली आहे.

माझी मागणी मोठी नाही. ज्या आदेशाने माणसाला घरी बसवले जाईल त्याच आदेशात त्याच्या धान्याची आणि मजुरीची तरतूद असावी. संशयिताला नेले जाईल तिथे अंथरूण, जेवण आणि डॉक्टर असणे हा त्याचा हक्क असावा. घरोघर जाणाऱ्या बाईला पगार असावा. मृत्यूंचे आकडे ठरलेल्या मुदतीत जाहीर करणे बंधनकारक असावे. पुढची साथ येईल तेव्हा कायदा करायला कुणाला वेळ नसेल, म्हणून ते आता करायचे आहे. या सभागृहात वकील आहेत, डॉक्टर आहेत, निवृत्त सनदी अधिकारीही दिसत आहेत. आपल्या खासदाराला पत्र लिहा आणि विधी आयोगाच्या त्या अहवालाचे पुढे काय झाले, एवढे विचारा. उत्तर आले नाही तर दुसरे पत्र लिहा.